विश्लेषण : एकाच दिवशी पाडलेली दोन नाणी, पण दर्जा वेगळा का?

‘वैष्णोदेवीचे पाच रुपयांचे नाणे असेल तर लाखो रुपये मिळवा’, ‘तुमच्या गल्ल्यातल्या नाण्यावर ही खूण आहे का?’ अशा मथळ्यांचे व्हिडिओ मोबाइलवर रोज येतात. नालासोपाऱ्यात सुट्या पैशांशिवाय दिवस सरत नाही. शेअर रिक्षा असो, वडापावची गाडी असो की भाजीवाला, दिवसभरात दहा-वीस नाणी सहज हातावरून जातात. त्यामुळे असा व्हिडिओ पाहिल्यावर घरातला डबा उपडा करून नाणी चाळणारे अनेक आहेत. त्यात काही गैर नाही. गडबड पुढे होते. कुणी नाणे चिंच लावून घासते, कुणी ‘नोंदणी शुल्क’ म्हणून अनोळखी माणसाला पैसे पाठवते.

नाण्याला दुर्मीळ किंमत येऊ शकते, हे खरे आहे. पण ती खूण आणि चित्र पाहून ठरत नाही. नाणे टांकसाळीत कसे पाडले गेले आणि तिथून बाहेर पडल्यावर त्याचे काय झाले, या दोन गोष्टी तज्ज्ञ वेगवेगळ्या मोजतात. हा फरक समजला की निम्मे व्हिडिओ आपोआप खोटे ठरतात. तो कसा ओळखायचा, ते पाहू.

ग्रेडिंग म्हणजे नेमके काय?

नाण्याच्या अवस्थेला आकड्यात बसवणे म्हणजे ग्रेडिंग. आज जगभर वापरली जाणारी १ ते ७० ही मोजपट्टी अमेरिकेतील विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडली. ती मूळ अमेरिकेच्या जुन्या, मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी होती. कल्पना सरळ होती. जेमतेम ओळखू येणारे नाणे १ आणि निर्दोष नाणे ७०. म्हणजे निर्दोष नाण्याची किंमत सर्वांत झिजलेल्या नाण्याच्या ७० पट धरायची. किमतीचे ते गणित पुढे टिकले नाही, आकडे मात्र टिकले.

पीसीजीएस (१९८६) आणि एनजीसी (१९८७) या अमेरिकी कंपन्यांनी याचा व्यवसाय केला. नाणे त्यांच्याकडे पाठवायचे, एकापेक्षा जास्त परीक्षक ते तपासतात, आकडा ठरतो आणि नाणे पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत सीलबंद होऊन परत येते. संग्राहक या पेटीला ‘स्लॅब’ म्हणतात. चलनात न वापरलेल्या नाण्यांना ‘एमएस’, म्हणजे मिंट स्टेट, ६० ते ७० आकडा मिळतो. संग्राहकांसाठी खास पाडलेल्या ‘प्रूफ’ नाण्यांना ‘पीएफ’ किंवा ‘पीआर’ लावतात.

जुन्या नाण्यांमध्ये प्रश्न असतो, किती झिजले? नव्या नाण्यांमध्ये हा प्रश्न बहुतेक वेळा उरतच नाही. ती कोरी असतात. तरी एखाद्याला ६३ मिळतो, दुसऱ्याला ६८. हा पाच आकड्यांचा फरक समजून घ्यायचा तर प्रेसपाशी जावे लागते.

टांकसाळीत नाणे कसे पडते?

वसई पूर्वेला वालीव, सातिवलीच्या गाळ्यांत पॉवर प्रेसवर काम केलेल्यांना ही प्रक्रिया ओळखीची वाटेल. तत्त्व तेच आहे, अचूकता मात्र फार वरची.

धातूच्या पट्टीतून आधी गोल चकत्या कापतात. या कोऱ्या चकतीला ‘ब्लँक’ म्हणतात. कापताना धातू कडक होतो, म्हणून चकत्या भट्टीत तापवून मऊ करतात. मग त्या धुऊन चकाकवतात. कडा दाबून थोडी उचलतात, म्हणजे पुढे नाण्याला नीट कड येते. शेवटी चकती प्रेसमध्ये जाते. वर एक ठसा, खाली एक ठसा आणि भोवती पोलादी कडे, त्याला ‘कॉलर’ म्हणतात. ठोका पडतो, धातू क्षणभर चिखलासारखा वाहतो आणि ठशातल्या खोलगट नक्षीत शिरतो. कॉलर त्याला बाहेर पसरू देत नाही. नाणे तयार.

यानंतरचा भाग महत्त्वाचा आहे. चलनी नाणे प्रेसमधून सुटते ते इतर नाण्यांच्या ढिगावर पडते. तिथून मोजणी यंत्रात, मग पिशवीत, पिशवी ट्रकमध्ये, ट्रकमधून बँकेत. म्हणजे कोणाच्याही हातात पडण्याआधी ते शेकडो नाण्यांवर आपटलेले असते. त्या आपटण्याच्या खुणांना संग्राहक ‘बॅग मार्क’ म्हणतात.

म्हणून चलनी नाण्याला फार वरचा आकडा मिळणे अवघड असते. प्रूफ नाण्याचे तसे नसते. त्याची चकती आणि ठसे आरशासारखे घासलेले असतात, ठोका एकापेक्षा जास्त वेळा पडतो आणि नाणे हाताने उचलून वेगळे ठेवले जाते. त्यामुळे प्रूफला ६९ किंवा ७० मिळणे ही मोठी बातमी नसते.

परीक्षक काय पाहतात?

प्रामुख्याने चार गोष्टी : छाप किती पूर्ण उमटली आहे, मूळ झळाळी किती शिल्लक आहे, पृष्ठभागावर किती आणि कुठे खुणा आहेत, आणि एकूण नाणे नजरेला कसे दिसते. यातल्या पहिल्या दोन बऱ्याच अंशी टांकसाळीत ठरतात. तिसरी टांकसाळीनंतर घडते. चौथीत सगळ्यांची बेरीज असते.

‘७०’ची व्याख्याच पाहा. एनजीसीच्या निकषानुसार पाच पट मोठे करून पाहिल्यावर नाण्यावर टांकसाळीतून बाहेर पडल्यानंतरचा एकही दोष दिसता कामा नये. ‘नंतरचा’ या शब्दावर सगळे अवलंबून आहे. ठशाला बारीक तडा गेला असेल तर त्याची रेघ प्रत्येक नाण्यावर उमटते. ती ठशाची करणी आहे, नाण्याची इजा नव्हे. पण नंतर पडलेला तेवढाच ओरखडा आकडा खाली आणतो.

म्हणून टांकसाळीतला सगळा दोष माफ असतो, असे नाही. छाप अर्धवट असेल, ठसा झिजून झळाळी मेली असेल किंवा चकतीवरचे मूळचे ओरखडे ठोक्याखाली मिटले नसतील, तर नाण्याला हात न लागूनही आकडा कमी होतो.

उठावाची रेघ की खोल रेघ?

एकच युक्ती लक्षात ठेवायची असेल तर ही. नाण्यावर रेघ दिसली की ती उठावाची आहे की खोल गेलेली, ते पाहा.

ठशावर ओरखडा पडला किंवा तडा गेला, तर तिथे खाच तयार होते. ठोका पडताना त्या खाचेत धातू शिरतो, म्हणून नाण्यावर रेघ उंच येते. टांकसाळीत ठसे पुन्हा घासतात तेव्हाच्या बारीक रेघाही अशाच उठावाच्या दिसतात. नाण्यावर नंतर काही घासले गेले तर धातू निघतो किंवा दबतो, रेघ खोल जाते.

उठावाची रेघ बहुधा टांकसाळीची असते, खोल रेघ बहुधा नंतरची. ‘बहुधा’ म्हणायचे कारण चकतीवरचे मूळचे ओरखडेही खोल असतात. पण ते सहसा उठावाच्या सर्वांत उंच भागावर राहतात, कारण तिथे धातूवर दाब कमी पोहोचतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यात हे नीट दिसत नाही, तिथे उजेडाची दिशा बदलली की उठाव खोल आणि खोल उठावाचा वाटतो. दहा पट दाखवणारे सोनाराचे भिंग आणि एका बाजूने येणारा दिवा पुरतो.

सिंहाचा चेहरा सपाट का?

आपल्या नाण्यांवर अशोकस्तंभाचे सिंह असतात. काही कोऱ्या नाण्यांवरही मधल्या सिंहाचा चेहरा आणि आयाळ सपाट दिसते. लगेच वाटते की नाणे झिजलेले आहे. ते तसे असेलच असे नाही.

ठोका पडताना धातू दोन्ही बाजूंच्या नक्षीत एकाच वेळी शिरायचा असतो. एका बाजूला उंच नक्षी आणि तिच्या नेमके मागे दुसऱ्या बाजूलाही उंच नक्षी असेल, तर दोन्ही खाचा भरायला धातू अपुरा पडतो. त्यात धातू कडक असेल तर अडचण वाढते. १९९२ पासून एक रुपयाचे नाणे फेरिटिक स्टेनलेस स्टीलचे आले. त्याआधीच्या तांबे-निकेलपेक्षा हे पोलाद कडक. त्याला भरायला जास्त दाब लागतो आणि ठसेही लवकर झिजतात. शेवटच्या काही हजार ठोक्यांतले नाणे आणि नव्या ठशाचे पहिले नाणे यांत म्हणूनच फरक पडतो, तारीख आणि टांकसाळ एकच असली तरी.

अर्धवट छाप आणि झीज यांतला फरक ओळखता येतो. झिजलेल्या जागी झळाळी जाते, रंग मंद पडतो आणि नाण्यावरचे सगळेच उंच भाग थोडेफार झिजलेले असतात. अर्धवट छापेच्या जागी झळाळी शाबूत असते आणि सपाटपणा एखाद्याच ठिकाणी असतो, तोही समोरच्या बाजूच्या उंच नक्षीच्या मागे.

अमेरिकेत याला वेगळी किंमतच आहे. जेफरसन निकेल या पाच सेंटच्या नाण्यावर माँटिसेलो या घराचे चित्र आहे. त्याच्या पायऱ्या स्पष्ट मोजता आल्या तर नाण्याला ‘फुल स्टेप्स’ असे जादा बिरुद मिळते. आकडा तोच, पण पायऱ्या उमटलेले नाणे अनेकदा कितीतरी महाग विकले जाते.

झळाळी घासून का येत नाही?

ठोक्याच्या वेळी धातू मधून कडेकडे वाहतो. त्या वाहण्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात. नाणे दिव्याखाली हळूहळू तिरके केले की प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरताना दिसतात. हीच मूळ झळाळी.

चिंच, लिंबू, टूथपेस्ट किंवा पितांबरी लावून घासले की या रेषाच निघून जातात. नाणे चमकते खरे, पण ती चमक सपाट असते, आरे फिरत नाहीत. परीक्षक हे काही सेकंदांत ओळखतो. अशा नाण्याला आकडा मिळत नाही. त्याच्यावर ‘डिटेल्स’ असा शेरा आणि ‘साफ केलेले’ असे कारण लिहिले जाते. काळवंडलेले पण न घासलेले नाणे संग्राहकाला चालते. घासून चकाकवलेले नको असते.

तारखेखालची खूण किती महत्त्वाची?

व्हिडिओंमध्ये सर्वांत जास्त गोंधळ याचा असतो. भारत सरकारच्या चार टांकसाळी आहेत : मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. तारखेखाली लहान चौकट, म्हणजे हिरा, असेल तर नाणे मुंबईचे. तारा असेल तर हैदराबादचे. गोल टिंब असेल तर नोएडाचे. काहीच खूण नसेल तर कोलकात्याचे. मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर ‘एम’ हे इंग्रजी अक्षर आढळते. काही वर्षांत नाणी परदेशातूनही पाडून आणली होती, उदाहरणार्थ १९८५ च्या काही एक रुपयाच्या नाण्यांवर बर्मिंगहॅमची ‘एच’ ही खूण आहे.

खूण म्हणजे नाण्याचा पत्ता. ती असणे किंवा नसणे हा दोष नाही आणि दुर्मीळपणाही नाही. इथेही टांकसाळीतली करामत घात करू शकते. ठशातल्या बारीक खाचेत वंगण आणि धातूची पूड साचली तर खूण उमटत नाही. मग मुंबईचे नाणे कोलकात्याचे वाटते, किंवा अर्धवट उमटलेला हिरा नोएडाच्या टिंबासारखा दिसतो. केवळ खुणेवर भाव सांगणाऱ्याकडून नाणे घेताना म्हणूनच भिंग हवे.

हाच नियम दहा रुपयांच्या नाण्याला लागू आहे. एकावर ₹ चिन्ह आहे आणि दुसऱ्यावर नाही, एकावर दहा रेषा आणि दुसऱ्यावर पंधरा, म्हणून एक खोटे असे समजून अनेक दुकानदार ते नाकारत. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले की तोवर १४ वेगवेगळ्या नक्ष्यांची दहा रुपयांची नाणी आली आहेत आणि सगळी वैध आहेत. नक्षी वेगळी असणे आणि नाणे सदोष असणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

मग ‘एरर’ नाण्याला भाव मिळतो तो कसा?

टांकसाळीतली मोठी चूक दुर्मीळ असते, कारण तपासणीत अशी नाणी बाजूला काढली जातात. नजरेतून सुटलेल्या नाण्यांना संग्राहक पैसे मोजतात. छाप एका बाजूला सरकलेली, एकाच नाण्यावर दोनदा ठोका पडलेला, दोन बाजूंचे ठसे एकमेकांच्या तुलनेत फिरलेले, असे प्रकार असतात.

शेवटचा प्रकार घरी तपासता येतो. भारतीय नाणे सिंह सरळ दिसतील असे धरा आणि उजवीकडून डावीकडे पान उलटावे तसे फिरवा. मागची बाजूही सरळ दिसली पाहिजे. ती ठळकपणे तिरकी किंवा उलटी आली तर ठसा फिरलेला आहे.

खोट्या चुकाही बनवल्या जातात. दहा रुपयांचे नाणे दोन धातूंचे असते, बाहेर पिवळे कडे आणि आत पांढरी चकती. दोन्ही तुकडे प्रेसमध्ये एकत्र ठेवून एकाच ठोक्यात जोडले जातात. ‘मधली चकती नसलेले दुर्मीळ नाणे’ म्हणून विकले जाणारे कडे अनेकदा हातोडीने चकती पाडून बनवलेले असते. खरोखर चकतीशिवाय ठोका पडला असता तर कड्याचा धातू आतल्या मोकळ्या जागेत सरकला असता. आतली भिंत सरळ आणि जोडणीची खाच शाबूत असेल तर चकती नंतर काढलेली आहे. नाणे मुद्दाम वितळवणे किंवा नष्ट करणे नाणे कायदा, २०११ नुसार गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्या.

सोपाऱ्याचे नाणे काय सांगते?

‘टांकसाळीने काय केले, नंतर काय झाले’ हा प्रश्न आधुनिक यंत्रांपुरता नाही. आपल्या गावाचेच उदाहरण आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्यातल्या ‘बुरुड राजाचा कोट’ या टेकाडाचे उत्खनन केले आणि तिथे बौद्ध स्तूप असल्याचे समोर आले. आत सापडलेल्या अवशेषांसोबत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे एक नाणेही होते. ते फारसे झिजलेले नव्हते. हातोहात फिरण्याआधीच ते पेटीत ठेवले गेले असावे, असे त्यावरून म्हणता येते. झीज नसणे हा इथे काळाचा पुरावा ठरतो.

सातवाहनांची चांदीची नाणी हाताने ठोकलेली असत. अशा नाण्यांवर ठसा चकतीपेक्षा मोठा असे, म्हणून कडेची अक्षरे अनेकदा चकतीबाहेर जात. अभ्यासक त्याला नुकसान मानत नाहीत. ती पाडण्याची पद्धत होती. पण चेहरा घासलेला असेल तर ती झीज. सुमारे १८०० वर्षांपूर्वीच्या नाण्याला लावलेला हा निकष आणि आजच्या एक रुपयाच्या सिंहाला लावलेला निकष एकच आहे.

सोपाऱ्याचे ते अवशेष फोर्टमधल्या टाऊन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहेत. १८२०च्या दशकात बांधलेली मुंबईची टांकसाळ तिथून चालत काही मिनिटांवर आहे.

घरी नाणे तपासायचे तर

* नाणे कडेने धरा, बोट मध्ये टेकवू नका. बोटाचा घाम धातूवर कायमचा डाग पाडू शकतो.
* धुऊ नका, घासू नका. शंका असेल तर तसेच राहू द्या.
* एका बाजूने प्रकाश येऊ द्या आणि नाणे हळू तिरके करा. झळाळी फिरते का पाहा.
* रेघ दिसली तर उठावाची की खोल, ते भिंगाखाली ठरवा.
* सपाट भाग एकाच ठिकाणी आहे की सगळ्या उंच भागांवर, ते पाहा.
* त्याच वर्षाचे, त्याच टांकसाळीचे दुसरे नाणे शेजारी ठेवून तुलना करा. एकटे नाणे पाहून निष्कर्ष काढू नका.
* साठवायचे असेल तर पीव्हीसीचे मऊ पाकीट टाळा, त्यातल्या रसायनाने नाण्यावर हिरवट चिकट थर येतो.

आकडा मिळाला म्हणजे पैसे मिळाले?

नाही. ग्रेड ही अवस्था आहे, किंमत नाही. किंमत मागणीवर आणि तशी किती नाणी आहेत यावर ठरते. वैष्णोदेवीचे २०१२ चे पाच आणि दहा रुपयांचे नाणे स्मरणार्थ काढलेले असले तरी चलनात मोठ्या संख्येने आले. ते ओरखडेविरहित असेल तर संग्राहक थोडे जास्त देईल, लाखो नव्हे. परदेशी कंपनीकडून ग्रेडिंग करून घ्यायचा खर्च आणि टपालखर्च धरला तर साध्या चलनी नाण्यासाठी तो बहुतेक वेळा परवडत नाही.

रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी याबाबत जाहीर इशारा दिला होता. जुनी नाणी आणि नोटांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा काहीही संबंध नाही, बँक असे कोणतेही शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि बँकेच्या वतीने ते मागण्याचा अधिकार कोणालाही दिलेला नाही, असे त्यात म्हटले होते. त्यामुळे तुमच्या नाण्याचे लाखो देतो म्हणणारा आधी नोंदणी, कर किंवा कुरियरच्या नावाने तुमच्याकडेच पैसे मागत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा.

खरा संग्राहक नाणे हातात घेऊन, भिंगाखाली पाहून भाव सांगतो. फोटो पाहून लाखोंचा आकडा सांगणाऱ्याला नाण्याची नव्हे, तुमच्या खात्याची पारख करायची असते.